गोधडीतली माया आणि मजुरी

मंडळी, या वीकांताला हापिस, ट्रॅफिक, रिलीज, बग यातलं काहीही नाही. विषय एकदम घरगुती आहे. गोधडी. काही जणांकडे वाकळ म्हणतात, तान्ह्या बाळाची असेल तर दुपटं. तेच ते, जुन्या साड्या एकावर एक ठेवून हातानं टाके घातलेलं पांघरूण.

गेल्या दोनेक वर्षांत हा शब्द ज्यांच्या तोंडून आणि ज्या सुरात ऐकतोय, त्यानं माझं डोकं जाम सटकतंय. म्हणून हे लिहितोय. लेख जरा तिखट होणार, आधीच सांगून ठेवतो.

गोधडीबद्दल आपल्या वर्तुळात दोनच वाक्यं ऐकू येतात. पहिलं, "अहाहा, आजीच्या मायेची ऊब!" हे इन्स्टाग्रामवर, फोटोखाली, डोळे पाणावलेल्या बाहुलीसकट. दुसरं, "काय?? चिंध्यांचे दीड हजार?" हे प्रदर्शनात, स्टॉलवर, जिनं शिवली तिच्या तोंडावर. आणि गंमत अशी, की बऱ्याचदा ही दोन्ही वाक्यं एकच माणूस म्हणतो. फोटो काढून झाला की भाव करायला लागतो.

माझं म्हणणं असं आहे की ही दोन वाक्यं वेगळी नाहीतच. पहिलं वाक्य दुसऱ्याची सोय करून ठेवतं. एकदा का ती "माया" ठरली, की तिचे पैसे मागणारी बाई आपोआप लोभी ठरते. मायेचे कुठे पैसे घेतात का हो?

आता आपण इंजिनियर लोक. भावना बाजूला ठेवू आणि हिशोब करू. (यात मला आनंद होतो, काय करणार.)

समजा सात फूट बाय पाच फुटांची गोधडी आहे. एका माणसाला अंथरायला-पांघरायला पुरेल अशी. एका थराला सव्वातीन चौरस मीटर कापड लागतं. वरचा, खालचा आणि मधले तीन असे पाच थर धरले तर सव्वासोळा चौरस मीटर. नऊवारी साडी सव्वाआठ मीटरच्या आसपास लांब आणि पन्हा मीटरभराच्या थोडा वर, म्हणजे एका साडीत नऊ-साडेनऊ चौरस मीटर. थोडक्यात दोन नऊवाऱ्यांत एक गोधडी बसते. विरलेला, फाटलेला भाग काढून टाकला तरी बसते. ही गणिताची मजा आहे खरी, पण ज्या घरात लुगडी दोनच होती त्या घरात ते गणित मजेचं नव्हतं. साडी नेसून नेसून विरली की तिचं पांघरूण, पांघरूण फाटलं की त्यावर ठिगळ, ठिगळांवर ठिगळं झाली की तीच आतला थर म्हणून नव्या गोधडीच्या पोटात. कापड फेकायचं ही कल्पनाच नव्हती. कापडाचा खर्च शून्य, हे बरोबर.

आणि इथेच सगळे थांबतात. कापड फुकट म्हणजे गोधडी फुकट!

आता टाके मोजू. धावदोऱ्याच्या ओळी अर्ध्या इंचावर एक. साठ इंच रुंदीत १२० ओळी. प्रत्येक ओळ सात फुटांची, म्हणजे ८४ इंच. १२० गुणिले ८४, १०,०८० इंच. मीटरमध्ये २५६. म्हणजे पाव किलोमीटर लांबीची शिवण, हातानं, पाच थरांमधून. एका इंचाला चार टाके धरले तर ४०,३२० टाके.

चाळीस हजार तीनशे वीस.

हा आकडा मी माझ्या काकूला सांगितला. ती सातारा जिल्ह्यात राहते, तिच्या लग्नापासून गोधड्या शिवते. आधी घरच्यांसाठी, गेली काही वर्षं पैसे घेऊन. ती म्हणाली, "आरं, टाकं काय मोजायचं आसतं व्हय?" मी मात्र मोजलं. दिवाळीच्या सुट्टीत तिच्या शेजारी बसलो आणि मोबाइलवर वेळ लावली. ती सुईवर एका दमात तीन-चार टाके चढवते आणि मग दोरा ओढते. दोरा संपला, पुन्हा ओवला, गुंता झाला, सोडवला, चष्मा पुसला, हे सगळं धरून सरासरी मिनिटाला वीस टाके पडतात. माझे पडले आठ. तेही वेडेवाकडे, आणि बोटाला सुई टोचली ती वेगळी.

चाळीस हजार टाके, मिनिटाला वीस. साडेतेहतीस तास. ही फक्त शिवण. त्याआधी साड्या धुणं, काठ उसवून बाजूला काढणं, विरलेलं कापणं, जमिनीवर सुरकुती न ठेवता थर अंथरणं (हे एकटीला जमत नाही, दुसरं कोणीतरी टोक धरायला लागतं), लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवणं, शेवटी कडा दुमडून पट्टी लावणं. याला आठेक तास सहज. सगळं मिळून बेचाळीस तास धरू. आपल्या पाच दिवसांच्या आठवड्यापेक्षा जास्त. कमरेत वाकून, जमिनीवर.

आता पैसे. काकूकडून शहरातलं एक दुकान गोधड्या शिवून घ्यायचं. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही, अशी दुकानं बरीच आहेत. जुनं कापड दुकानवाले पाठवायचे, शिवण काकूची. मजुरी नगाला ७०० रुपये. भागिले बेचाळीस, म्हणजे तासाला सतरा रुपयेसुद्धा नाहीत. चहाचा एक कप आणि वर सुट्टे. तीच गोधडी त्यांच्या वेबसाइटवर ४,८०० ला होती, सोबत एक छोटं कार्ड, खादी कागदावर छापलेलं, त्यावर आजीची माया वगैरे. म्हणजे मायेचे पैसे घेतात बरं का! फक्त ते मायावाल्या बाईला मिळत नाहीत.

मला त्या दुकानानं नफा केला याचा राग नाही. भाडं, फोटो, कुरियर, परत आलेला माल, सगळ्याला पैसे लागतात, मी काही दुधखुळा नाही. राग याचा आहे की त्या ४,८०० मध्ये प्रत्येक गोष्ट खर्च म्हणून धरलेली होती. फोटोग्राफरचे तास, डिझायनरचे तास, वेबसाइटवाल्याचे तास (आमचीच जात). फक्त बेचाळीस तास तेवढे कोणी तास म्हणून धरले नव्हते.

यावर ठरलेलं उत्तर येतं. "अहो, पण त्या बायका रिकाम्या वेळात करतात ना!"

हा रिकामा वेळ मी शोधला. काकू पहाटे उठते. पाणी, म्हैस, चूल, डबे, शेतात निंदणी असेल तर निंदणी. दुपारी दोन ते साडेचार ती गोधडीवर बसते. याला रिकामा वेळ म्हणायचं असेल तर माझ्या नोकरीलाही म्हणा, मीही ब्रश केल्यावर आणि रात्रीच्या जेवणाआधीच्या रिकाम्या वेळात कोड लिहितो. शनिवारी घरून लॉगिन केलं तर आपण सुट्टीचा मोबदला मागतो, मिळाला नाही तर लिंक्डइनवर बर्नआउटबद्दल लिहितो. मग दुपारी दोन ते साडेचार ज्या बाईची पाठ दुखते तिचा वेळ रिकामा कसा?

हे मी काही पहिल्यांदा सांगत नाहीये. अहमदाबादच्या दरियापूर भागात बायका कापडगिरण्यांच्या चिंध्या जोडून गोधड्यांच्या खोळी शिवायच्या. घरी बसून, नगावर पैसे. चिंध्या व्यापारी द्यायचा, खोळ व्यापारी घ्यायचा, भावही व्यापारीच ठरवायचा. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या 'सेवा' संघटनेनं या बायकांना एकत्र आणलं, त्यांनी वाढीव दर मागितला, आणि पुढे त्यांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली, सबिना नावाची. यातली मुख्य भानगड काय होती माहितीये? या बायका कामगार आहेत हेच आधी सिद्ध करायला लागलं. कारखाना नाही, हजेरी नाही, मग कसली कामगार? घरीच तर बसलेली असते!

१९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरी बसून काम करणाऱ्यांसाठी खास करार केला, क्रमांक १७७. घरच्या कामगाराला इतर कामगारांच्या बरोबरीनं वागवा, एवढंच त्याचं सार. भारतानं त्याला मान्यता दिलेली नाही.

आणि त्याही मागे जायचं तर १९३५ साल. गांधीजींनी चरखा संघाच्या मागे लागून सूत कातणाऱ्या बायकांना पोटापुरती तरी मजुरी मिळालीच पाहिजे असा आग्रह धरला. खादी महागेल, विकली जाणार नाही, अशी ओरड संघातूनच झाली. त्यांचं म्हणणं, महागू दे. आता बघा, चरख्याभोवती देशभक्तीची केवढी माया होती! तरीही त्या माणसाला त्यातली मजुरी वेगळी दिसली. आपल्याला एका गोधडीत दिसत नाही.

कोणी म्हणेल गोधडीला कलेचा मान मिळाला की प्रश्न सुटेल. म्युझियममध्ये टांगा, कॉफी टेबल बुक काढा. यावर अमेरिकेतलं एक उदाहरण आहे. अलाबामा राज्यात नदीच्या वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायका थंडीसाठी कामाचे विटलेले कपडे जोडून गोधड्या शिवायच्या. पँटच्या गुडघ्यावरचा डागसुद्धा तसाच. १९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांनी सहकारी संस्थाही काढली होती. २००२ मध्ये या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या भिंतीवर लागल्या, समीक्षकांनी डोक्यावर घेतल्या. २००६ मध्ये टपाल तिकिटं निघाली. आणि २००७ मध्ये? त्यातल्या काही जणी कोर्टात गेल्या, आमच्या गोधड्यांचे पैसे आम्हाला नीट मिळाले नाहीत म्हणून. २००८ मध्ये ते दावे मिटले. खरंखोटं काय ते त्यांचं त्यांना माहीत. पण भिंतीवर लागल्यानं हिशोबाचा प्रश्न सुटत नाही, एवढं मात्र दिसतं.

बरं, आता दुसऱ्या मंडळींकडे वळू. ज्यांना विकत नको, स्वतः शिवायचीय. "बजेटमध्ये होम क्राफ्ट." यांच्याबद्दल मला खरं तर प्रेम आहे, पण बाजारानं यांना बरोबर पकडलंय. हापिसातल्या एकीनं गोधडी शिवायची म्हणून सामान मागवलं. गोल फिरणारी कापायची सुरी, तिच्याखाली घालायची हिरवी मॅट, पारदर्शक पट्टी, एकमेकांना शोभणारे नव्या कोऱ्या सुती कापडाचे चौकोन, आत घालायला पॉलिएस्टरचा थर. बिल पाच हजारांच्या वर. मग नवं कापड कापून त्याचे तुकडे केले आणि ते तुकडे परत जोडले! आणि याला नाव अपसायकलिंग. अगं बाई, आख्खं कापड होतं की तुझ्याकडे :)

हौस असेल तर जरूर करा, हौसेला मोल नाही. पण तिला काटकसर म्हणू नका. काटकसरीची गोधडी म्हणजे घरात आहे त्यातून. काय लागतं सांगतो, काकूच्या घरी जे आहे तेच. लांब मजबूत सुया, एक पाकीट. जाड सुती दोरा. पाव किलोमीटर शिवणीला तीनशेक मीटर लागतो, त्यामुळे तो चांगला घ्या, इथे कंजूषपणा नको, तकलादू दोरा दोन धुण्यांत तुटतो आणि सगळी मेहनत पाण्यात. अंगुस्तान घ्या, नाहीतर मधल्या बोटाची चाळणी होते. कात्री एक, पण तिनं कागद कापायचा नाही. झालं. शंभर-दोनशे रुपयांत भागतं.

कापडाबद्दल थोडं सांगायला पाहिजे, कारण इथेच शहरात घोटाळा होतो. आपल्या आयांच्या साड्या आता बहुतेक सिंथेटिक. त्या निसटतात, थर एकमेकांवर बसत नाहीत, घाम टिपत नाहीत, आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटतात. वरून दिसायला एखादी घाला हवी तर, पण आत आणि खाली सुतीच पाहिजे. जुन्या चादरी, बाबांच्या लुंग्या, सुती ओढण्या, उशांचे अभ्रे, कॉलर गेलेले शर्ट. विरलेलं कापड उलट बरं, सुई सरसर जाते. जीन्स मात्र नको. दिसते छान, पण पाच थरांत हातानं सुई जात नाही आणि भिजल्यावर ते धूड उचलायला दोन माणसं लागतात. मशीनवर करायची तर थर कमी ठेवा आणि आधी कच्चे टाके भरपूर घाला, नाहीतर वरचा थर पुढे सरकतो आणि शेवटी मधोमध घडी पडते. नवी मशीन घ्यायची तर अजिबात गरज नाही. कोणाच्या तरी माळ्यावर काळी पायमशीन पडलेली असते, पट्टा बदलून आणि तेल घालून ती चालते.

मी स्वतः तीन फूट बाय तीन फुटांचं दुपटं शिवलं, मित्राच्या मुलीसाठी. १०,३६८ टाके, माझ्या आठच्या वेगानं साडेएकवीस तास. रोज रात्री अर्धा-पाऊण तास, महिना गेला. मोठी गोधडी शिवायला घेतली असती तर ८४ तास लागले असते. प्रत्येकानं निदान एक दुपटं शिवावं असं माझं स्पष्ट मत आहे. छंद म्हणून नव्हे. त्यानंतर स्टॉलवर उभं राहून "चिंध्यांचे दीड हजार?" हे वाक्य तोंडातून फुटत नाही म्हणून.

आता सगळ्यात दणकट आक्षेप, जो मलाही टाळता येत नाही. पानिपतचं ब्लँकेट तीन-चारशेत मिळतं. मऊ, गरम, लगेच वाळतं. ज्याचं बजेट खरंच तंग आहे त्यानं गोधडीला अडीच हजार का द्यावे?

देऊ नयेत. खुशाल ब्लँकेट घ्यावं. तंग बजेटवाल्याशी माझं भांडणच नाही. त्याच्या घरी गोधडी असेल तर ती त्याच्याच आईनं शिवलेली असते आणि तिला किती वेळ लागला हे त्यानं बघितलेलं असतं. माझं भांडण पिझ्झ्याला आठशे देऊन गोधडीला आठशे जास्त म्हणणाऱ्याशी आहे. परवडत नसेल तर नका घेऊ, पण ब्लँकेटचा भाव दाखवून हाताच्या कामाचा भाव पाडू नका. यंत्राच्या वेगाशी स्पर्धा करून काकू ताशी सतरा रुपयांवर आली, अजून किती खाली यायचं तिनं?

आणि "आम्ही विकत घेतलं नाही तर त्यांचं कामच जाईल, सातशे तरी मिळतायत" हा जो युक्तिवाद आहे ना, तो आपल्याला चांगलाच ओळखीचा असायला हवा. हाच युक्तिवाद आपल्या परदेशी क्लायंटनं आपल्या दरांबद्दल केला की आपण हापिसच्या कॅन्टीनमध्ये कसे पेटून उठतो!

तर काकूचं काय झालं. तो टाक्यांचा हिशोब मी एका कागदावर लिहून दिला होता. तासाला ६० रुपये धरले, बेचाळीस तासांचे २,५२०, दोरा आणि धुण्याचे मिळून २,८००, कापड गिऱ्हाइकाचं. तिला हा आकडा सांगायला लाज वाटत होती. "येवढं कोन देतंय गोधडीला?" दुकानानं नाहीच दिले. त्यांनी दुसऱ्या गावातली दुसरी बाई गाठली, तेही सातशेलाच. पण माझ्या ओळखीतल्या लोकांना मी तो कागद पाठवतो, आकडेमोडीसकट. दहातले सात जण नंतर बोलतच नाहीत. दोघं विचारतात, "थोडं कमी होईल का?" आणि एखादा काही न बोलता आईच्या साड्या काढून ठेवतो.

सध्या तिच्याकडे तीन गोधड्यांचं काम आहे, तिन्ही २,८०० च्या दरानं. चौथी तिनं घेतली नाही. साड्या धुवून वाळवायला ऊन लागतं आणि जूनपासून पाऊस, त्यात लावणीही असते. कोणाला हवी असेल तर साड्या दसऱ्यानंतर पाठवा. सुती असल्या तरच.